गिझर काय सांगतोय? नाशिकला नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नोव्हेंबर उजाडला की माझा फोन सुरू होतो. "दादा, गिझर आवाज करतोय." मी विचारतो, कसला आवाज? पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मग उत्तर येतं, "कसलातरी."

22 वर्षं मी नाशकात गिझर दुरुस्त करतोय. त्यातल्या निम्म्या फोनना माझी गरज नसते आणि काही फोन मात्र आठवडाभर आधी यायला हवे होते असं वाटतं. हा फरक आवाजावरून घरच्या माणसालाही कळतो. त्यासाठी हत्यारं लागत नाहीत, थोडं लक्ष लागतं.

मुंबईहून किंवा कोकणातून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेल्यांना इथली थंडी नवी असते. तिकडे गिझर दहा मिनिटं लावला की भागतं. इथे जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांखाली जातो, निफाडकडे त्याहून खाली, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बर्फासारखं येतं. 2000 वॅटचा, 25 लिटरचा गिझर 15 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला सुमारे 40 मिनिटं घेतो. मे महिन्यात हेच काम अर्ध्या तासाच्या आत होतं. म्हणजे हिवाळ्यात गिझर जास्त वेळ चालतो, जास्त वेळ ऐकू येतो, आणि वर्षभर साठलेलं दुखणं याच दिवसांत बोलायला लागतं.

पहिली पायरी: निरोगी आवाज ओळखा

आमच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता. आजी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मागच्या अंगणातल्या बंबाचा आवाज ऐकायची आणि "पाणी झालं, जा" म्हणायची. आधी बारीक सूं, मग गुणगुण, मग खदखद. विजेच्या गिझरमध्येही पाण्याचं शास्त्र तेच आहे. पाणी तापवणाऱ्या कॉइलला चिकटून वाफेचे बारीक बुडबुडे होतात, जरा वर सरकले की गार पाण्यात विरून जातात. त्याचा जो हलका सूं आवाज येतो तो तब्येत चांगली असल्याचा.

नव्या घरात आल्यावर पहिले तीन दिवस एवढंच करा. सकाळी रस्त्यावर वर्दळ नसते तेव्हा गिझर लावा, पंखा बंद ठेवा आणि ऐका. चालू करताना टक होतं का, पाणी तापताना सूं किती मोठा, गिझरवरचा दिवा विझताना पुन्हा टक होतं का. पहिली टक बटणाची, दिवा विझतानाची थर्मोस्टॅटची. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की आतला संपर्क सुटतो, जरा थंड झालं की पुन्हा जुळतो. टक ऐकून घाबरू नका. मात्र दर पाच-दहा सेकंदांनी टक-टक-टक चालू राहिलं तर थर्मोस्टॅट तपासायला हवा.

जमल्यास फोनवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा. सहा महिन्यांनी आवाज बदलल्यासारखा वाटला तर तुलनेला जुना आवाज हाताशी असेल.

दुसरी पायरी: आवाज कधी येतो ते आधी पाहा

लोक आवाजाचं वर्णन करायला जातात आणि अडतात. माझा अनुभव असा की आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो यावरून दोष लवकर सापडतो. स्वतःला पाच प्रश्न विचारा. बटण दाबताक्षणी येतो? दहा-पंधरा मिनिटं तापल्यावर येतो? गरम नळ उघडल्यावर येतो? नळ बंद केल्यावर येतो? की गिझर बंद करून बाहेर गेल्यावरही येत राहतो?

बटण दाबताक्षणी आला तर विजेकडे पाहायचं. तापल्यावर आला तर टाकीच्या आत. नळ उघडताना-मिटताना आला तर पाइप आणि दाब. बंद केल्यावर आला तर बहुतेक वेळा गार होणारे पाइप.

त्यानंतर जागा शोधा. भिंतीला कान लावायची गरज नाही. आवाज टाकीतून, खालच्या पाइपांतून, विजेच्या बोर्डातून की छोट्या पितळी व्हॉल्व्हमधून येतो, हे दोन हात दूर उभं राहूनही कळतं. ओल्या अंगाने, ओल्या पायाने गिझरला किंवा बोर्डाला हात लावू नका.

तापल्यावर येणारी कडकड आणि खदखद

नाशकात मला सर्वांत जास्त भेटणारा आवाज हाच. सुरुवातीला लाह्या फुटल्यासारखी तडतड, पुढे दगड टाकून डबा हलवल्यासारखी खडखड, आणि फारच झालं तर टाकी गुरगुरते. कारण एकच, क्षार.

महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, शिवाय मुकणे आणि दारणेचं. ते त्या मानाने हलकं असतं. पण बऱ्याच सोसायट्यांत धरणाचं पाणी पुरत नाही, मग बोअरचं मिसळतात आणि एप्रिल-मे मध्ये टँकरही येतो. काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येतं. सोसायटीने बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर सेक्रेटरींकडे तो कागद मागा. नसेल तर नळाच्या तोंडाशी, काळ्या टाइल्सवर, बादलीच्या कडेला पांढरे डाग किती लवकर धरतात ते बघा. साबणाला फेस येत नसेल तर उत्तर मिळालंच.

हे पाणी तापलं की त्यातला विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो आणि चुन्यासारखा कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतो. पापुद्र्यावर पापुद्रा. या थराखाली पाणी अडकतं, कॉइल त्याला थेट वाफेपर्यंत नेते, वाफ पापुद्रा फोडून बाहेर येते आणि गार पाण्यात कोसळते. प्रत्येक कोसळण्याचा एक कडक. असे शेकडो मिळून तुमची कडकड होते.

ती लगेच जिवावर बेतत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण आत काय चाललंय ते समजून घ्या. चुन्याच्या गोधडीत गुंडाळलेली कॉइल आपली उष्णता पाण्याला देऊ शकत नाही, स्वतःच लाल होत जाते आणि एक दिवस फुटते. कॉइल फुटली की वीज पाण्यात उतरू शकते. अशा वेळी चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) एवढेच तुमच्या आणि त्या विजेच्या मध्ये असतात. भाड्याच्या घरात शिरताना मी कुठल्याही कुटुंबाला पहिला प्रश्न हाच विचारतो: बोर्डात आरसीसीबी आहे का, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का? पडत नसेल तर घरमालकांना आजच सांगा. हे मागणं भाडेकरूचा हट्ट नाही.

आता उपाय. घरी करता येतो तो एवढाच: मेन स्विच बंद करा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी गिझरला येणारं पाणी बंद करा, गरम नळ उघडून दाब सोडा आणि खालच्या ड्रेन प्लगमधून टाकी रिकामी करा. तुमच्या मॉडेलमध्ये तो प्लग कुठे आहे हे माहिती पुस्तिकेत दिलेलं असतं. खाली बादली ठेवा. पहिलं पाणी बहुधा गढूळ आणि पांढऱ्या कणांचं येईल. दोन-तीनदा भरून सोडलं की सुटा गाळ निघून जातो. बोअरचं पाणी असेल तर दर तीन महिन्यांनी हे केलेलं बरं.

कॉइलला चिकटलेला थर त्याने जात नाही. त्यासाठी खालची प्लेट उघडून कॉइल बाहेर काढावी लागते आणि ते कारागिराचं काम आहे. त्यावर दोन गोष्टी आग्रहाने सांगेन. टाकीत जालीम अ‍ॅसिड ओतून "पाच मिनिटांत साफ" करणारा माणूस आला तर त्याला थांबवा. टाकीच्या आतला काचेसारखा मुलामा आणि पितळी जोड त्याने खराब होतात. सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, सावकाश काम करतं पण टाकी राखतं. दुसरं, प्लेट उघडल्यावर मॅग्नेशियमची रॉड दाखवायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून ही रॉड स्वतः झिजत जाते. बोटभर जाडीची रॉड तारेएवढी उरली असेल तर ती बदलायचीच, आणि जड पाण्यात ही वेळ दीड-दोन वर्षांतच येऊ शकते. ही रॉड वेळेवर बदलली तर टाकी कितीतरी वर्षं जास्त टिकते, तरीही सर्व्हिसिंगमध्ये नेमकी तीच राहून जाते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गंजून भोक पडलेल्या टाकीला मग कोणताच इलाज नसतो.

तापमानाचा नॉब बाहेर असेल तर तो 60 च्या आसपास ठेवा. त्यावर गेलं की क्षार वेगाने धरतात, आणि 75 अंशांचं पाणी लहान मुलाच्या हाताला क्षणात भाजतं.

पितळी व्हॉल्व्हची टपटप आणि फुसफुस

गार पाणी येतं त्या पाइपवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी 15 वरून 65 अंशांवर गेलं की साधारण 2 टक्क्यांनी फुगतं, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत जवळपास अर्धा लिटर. मागे जायला वाट नसेल तर ते जादा पाणी या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना टपटप, बंद केल्यावर थांबणं, हे बरोबर आहे.

न थांबणारी धार म्हणजे व्हॉल्व्ह खराब किंवा दाब जास्त. आणि जोराच्या फुसफुशीबरोबर वाफ आली तर थर्मोस्टॅट अडकलाय, पाणी उकळतंय. मेन बंद करा, बाथरूममधून बाहेर या, गरम नळ उघडायला जाऊ नका. गार झाल्यावर कारागिराला बोलवा, तोवर चालू करायचा नाही.

टपटपीचा कंटाळा येऊन कुणीतरी त्या व्हॉल्व्हचं तोंड स्क्रूने किंवा एम-सीलने बुजवल्याचं मी पाहिलंय. इंदिरानगरच्या एका घरात असा बुजवलेला व्हॉल्व्ह मी काढला तेव्हा टाकीचा तळ बाहेर फुगला होता. कृपा करून ते तोंड कधीही बंद करू नका. थेंबांचा त्रास होत असेल तर बारीक नळी लावून पाणी मोरीकडे सोडा, नळीचं टोक मोकळं ठेवा.

पाइपांचे आवाज

नळ झटकन मिटल्यावर भिंतीत ठक् होत असेल तर तो पाण्याचा धक्का. वेगाने धावणारं पाणी एकदम अडलं की पाइपला ठोसा बसतो. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह मिटतानाही होतो. वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंप बसवलेल्या इमारतींत जास्त. पंपाचा दाब कमी करून घ्या, सुटलेले पाइप क्लॅम्पने आवळा.

गिझर बंद केल्यावर किंवा आंघोळीनंतर टक्… टक्… असा सावकाश येणारा आवाज सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा. 3 मीटरचा पाइप 40 अंश तापला की 7-8 मिलिमीटर लांबतो, मग गार होताना सरकत परत येतो आणि क्लॅम्पला घासतो. त्यात धोका नाही.

सोसायटीची टाकी धुतल्यानंतर नळातून फस्स-फस्स आणि थुंकल्यासारखं पाणी येतं ती अडकलेली हवा. त्या दिवशी एक नियम पाळा: गरम नळातून सलग धार लागेपर्यंत गिझरचं बटण दाबायचं नाही. टाकी रिकामी असताना कॉइल चालू झाली तर काही मिनिटांत जळते.

बोर्डातली चरचर

हा आवाज छोटा असतो, पण त्याला मी सर्वांत वर ठेवतो. बटण दाबल्यावर प्लगमधून किंवा स्विचमधून चरचर, किडा किरकिरल्यासारखी, सोबत जळका वास किंवा प्लगवर तपकिरी डाग. आत सैल जोडावर ठिणग्या पडत आहेत. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर प्लग लावून तो चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. 16 अँपिअरचं सॉकेट, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि गिझरसाठी वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवाच.

चरचर ऐकली की स्विच दाबू नका, थेट एमसीबी खाली करा. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पाणी गॅसवर तापवा.

गॅस गिझर: इथे आवाज आणि शांतता दोन्ही ऐकायची

बॅचलर मुलांच्या फ्लॅटमध्ये, वीजबिल वाचवणाऱ्या घरांत गॅस गिझर फार. त्याचा चांगला क्रम असा: नळ उघडला की टिक-टिक-टिक ठिणगी, मग टक करून गॅस सुटतो, मग हलकं भुप्प आणि निळी ज्योत. सगळं दोन-तीन सेकंदांत.

नुसती टिकटिक आणि ज्योत नाही, तर आधी सेल बदला. बहुतेक गिझरना दोन मोठे सेल लागतात आणि थंडीत ते मंदावतात. टिकटिकही नाही, तर सेल पार संपलेत नाहीतर पाण्याचा दाब कमी. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दोन मीटरवर असते, तिथे दाब इतका कमी की आतला पडदा हलतच नाही.

हलक्या भुप्पऐवजी मोठा धप्प झाला, झाकण हललं, तर थांबा. गॅस सुटला पण पेटायला उशीर झाला, तेवढ्यात तो साठला आणि एकदम भडकला. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलं असेल, सेल कमकुवत असतील. पुन्हा पुन्हा नळ उघडून बघणं हे इथलं सर्वांत वाईट पाऊल, कारण दर वेळी आणखी गॅस साठतो. नळ मिटा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा. वास येत असेल तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे, घराबाहेर जाऊन फोन करा. तुमच्या भागात पाइपचा गॅस आला असेल तर एलपीजीचा गिझर तसाच जोडू नका, त्याचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, वेगळे असतात. चुकीच्या जेटवर ज्योत शिट्टी मारते नाहीतर काजळी धरते.

आता शांततेबद्दल. ज्योत पिवळी पडली, वर काजळी दिसली, म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. बंद बाथरूममध्ये तर निळी ज्योतसुद्धा थोड्या वेळात प्राणवायू संपवते आणि मग हेच होतं. जानेवारीच्या थंडीत लोक बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावतात, मोरीच्या झरोक्यात कापड कोंबतात. मला नेमकी याचीच भीती वाटते. कुठल्याही घरात गेलो की मी आधी तो पुठ्ठा काढतो, मग पेटी उघडतो.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाल्कनीत किंवा उघड्या डक्टच्या बाजूला हवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. भाड्याचं घर पाहताना तो आत दिसला तर घरमालकांशी बोला. ते ऐकेपर्यंत बादली बाहेर भरा, गिझर आणि गॅस बंद करा, दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवा, मग आंघोळीला जा. आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, तर साबण तसाच ठेवून बाहेर या. घरात कुणी आत बराच वेळ आहे आणि हाकेला ओ देत नाही, तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. मुलामुलींना कडी न लावता, दार लोटून आंघोळ करायची सवय लावलीत तर फार बरं.

कारागिराला काय सांगाल

वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसला कळवा, बाहेरच्याने पेटी उघडली की वॉरंटी जाऊ शकते. फोनवर चार गोष्टी सांगा: गिझर विजेचा की गॅसचा आणि किती लिटरचा, पाणी धरणाचं की बोअरचं, आवाज कधी येतो, कुठून येतो. सोबत रेकॉर्डिंग पाठवा.

पंचवटीतल्या एका आजींचा फोन मला अजून आठवतो. "बाळा, गिझर चालू असताना काही नाही. आंघोळ उरकून नळ मिटला की भिंतीत ठक् होतं, मग दहा मोजेपर्यंत थरथरतं आणि गप्प. वास नाही, वाफ नाही." मी पेटी उघडायची हत्यारं घरीच ठेवली आणि चार क्लॅम्प, ड्रिल आणि मूठभर स्क्रू घेऊन गेलो.